मोटारीचं रडणं आणि माझी सोयरीक

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत मी कामरगाव ते कारंजा अशी सर्व्हिस मोटार चालवत होतो. मोटार माझी नव्हती, कारंजाच्या एका शेटजींची होती. पण शेटजी तिच्यात कधी बसत नसत, त्यांना ओकारी येई, म्हणून ती माझीच असं मी धरून चाललो होतो. वर कापडी टप, बाजूला पडदे, आत लाकडी बाकं. परवाना बारा उतारूंचा होता. बारा माणसं तर आमच्याकडे नुसती बाहेर लोंबकळत.

त्या वयात मला दोन गोष्टींचा भारी गर्व होता. एक माझी तिरकी टोपी आणि दुसरा माझा कान. नुसता आवाज ऐकून मी इंजिनाचं दुखणं सांगतो, हे मी चारचौघांत इतक्या वेळा सांगितलं होतं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळलेली काडी घ्यायची, एक टोक इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटायचे. ही विद्या मी अमरावतीच्या एका मिस्त्रीकडे उचलली होती. त्याच्याकडे चांगली सागवानी दांडी होती, पऱ्हाटीची सुधारणा माझी. मी डोळे मिटले की भोवतीचे लोक गप्प होत, आणि लोक गप्प झाले की मला फार बरं वाटे. काडीतून खरोखर काय ऐकू येई, ते सोडा.

त्या साली पौषात अशी थंडी पडली की सकाळी रांजणातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. थंडीत मोटार सुरू करणं म्हणजे रुसलेल्या जावयाला पंगतीत बसवणं. आधी तिच्यावरची पोती काढायची, रेडिएटरमध्ये कढत पाणी ओतायचं, मग समोर उभं राहून हँडल मारायचं. आदल्या हिवाळ्यात त्या हँडलने उलटा झटका देऊन माझं मनगट महिनाभर सुजवलं होतं. तेव्हापासून मी आधी मोटारीला नमस्कार करी आणि मग शिवी देई.

एके सकाळी नमस्कार झाला, शिवी झाली, मोटार सुरू झाली, आणि तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारची म्हातारी हातातली गोवऱ्यांची टोपली टाकून घरात पळाली. बारीक, लांबलचक, कापरं रडणं. डुकराचं पिल्लू कुंपणात अडकल्यावर ओरडतं ना, तसं. मैलभर ती अशी रडत गेली आणि इंजिन तापल्यावर आपोआप गप्प झाली. कारंजात शेटजींच्या मिस्त्रीपुढे नेऊन उभी केली, तर गरीब गाय. मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिला आणि मी मोटारीकडे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काय, कामरगावात जो तो वैद्य झाला. बैलांची पारख करणारा एक म्हातारा होता, पंचक्रोशीत कोणी त्याला विचारल्याशिवाय बैल घेत नसे. त्याने बॉनेटवर हात ठेवला, खालून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर्दी झाली हिले. छातीत कफ धरला. गूळ-ओव्याचं पानी पाजा दोन दिस."

मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "तिले सासरी जाचं नसन, म्हनून रडून राह्यली."

सगळी मोटार हसली. मी मात्र तापलो. माझ्या मोटारीला दुसऱ्या कोणी रोग सांगितलेला मला खपत नसे. मी त्या म्हाताऱ्याला नको नको ते बोललो, त्याच्या वयाचाही विचार केला नाही. मग पऱ्हाटीची काडी काढली, कानाला लावली आणि डोळे मिटले. रोग समोर आहे, पंख्यापाशी, असं मी जाहीर केलं. इथवर मी बरोबर होतो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

घोटाळा पुढे झाला. मी मोटारवाला झालो खरा, पण जन्मलो गाडीवानाच्या घरी. आमच्या बैलगाडीच्या आसाखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असे आणि चाक रडलं की वंगण, एवढं तर आमच्याकडे पोर रांगता रांगता शिकतं. मोटारीचा पंखा एका कातडी पट्ट्यावर फिरे. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर. मी पंख्याला तेल दिलं आणि उरलेलं सगळं त्या पट्ट्याला पाजलं. दोन मिनिटं मोटार अगदी गप्प झाली. मी टोपी आणखी तिरकी केली आणि लोकांकडे पाहिलं. मग ती जी रडायला लागली ती थेट दोन मैल.

दुसऱ्या सकाळी मी आणखी तेल दिलं, ती तीन मैल रडली. मी एरंडेल आणलं. एरंडेल पिऊन ती वाटेवरच्या धनज गावापर्यंत रडत गेली. रोग रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात, त्यातला प्रकार, पण मला सांगणार कोण. आठव्या दिवशी मोटार धनज ओलांडून, ऊन चांगलं वर आल्यावर गप्प बसली.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण मधे धनज होतं ना.

धनजला, मोटार थांबे त्या पिंपळाच्या थोडं पुढे, रस्त्याला लागूनच एका शेतकऱ्याचं घर होतं. माणूस खाऊन-पिऊन सुखी, बोलायला कमी. त्यांची मुलगी दिवाळीत आत्याबरोबर माझ्या मोटारीतून कारंजाला गेली होती. वाटेत एका खड्ड्यात मोटार अशी आदळली की सगळ्या उतारूंना मायबाप आठवले. कोणी देवाचं नाव घेतलं, कोणी माझ्या सात पिढ्यांचं. आणि मागून एक मुलगी खळखळून हसली. मी मागे वळून पाहिलं नाही, पाहता येतच नव्हतं, पुढे दुसरा खड्डा होता. पण त्या हसण्यावर मी जो लट्टू झालो तो झालो. कारंजात ती उतरल्यावर पाहिलं, मग तर विचारूच नका.

माझे वडील नव्हते. थोरल्या भावाच्या मागे मी महिनाभर लागलो, तेव्हा तो धनजला जाऊन शब्द टाकून आला. जातीपातीची, कुळाची अडचण नव्हती. मुलीच्या वडिलांची अडचण निराळी होती. ते म्हणाले, "मोटारवाल्याले पोरगी कशी देऊ? आज कारंज्यात, उद्या नागपुरात. ज्याच्या घरी बैल असते त्याले सांजच्याले चारा-पानी कराले घरी या लागते. याच्या घरी बैल नाई, तं हा घरी काहून येईन?"

यावर माझ्या भावाला काही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही अजून सुचलेलं नाही. पण भाऊ चिवट, दोन तास बसून राहिला. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी मले कारंज्यात काम हाय. त्याच्या मोटारीत बसून पाहातो. मंग सांगतो."

हा निरोप आला बुधवारी. म्हणजे माझ्या हातात मोजून चार सकाळी होत्या, आणि मोटार रोज त्यांच्या दारावरून गळा काढत जात होती. ज्याला आपली मोटार गप्प करता येत नाही तो आपली मुलगी काय नांदवणार, असं कोणत्या बापाच्या मनात येणार नाही? मला ती मुलगी हवी होती. दुसरं काही नको होतं. जेवण जाईना, टोपी सरळ झाली, आणि मी पट्ट्याला तेल पाजत राहिलो. गुरुवारी पाजलं, शुक्रवारी पाजलं, शनिवारी-रविवारी तर दोनदा पाजलं. इंजिनाला आईची गोधडी पांघरून ठेवली. बैलवाल्या म्हाताऱ्याला चोरून गूळ-ओव्याचं पाणीसुद्धा रेडिएटरमध्ये घातलं. त्याने एवढंच झालं की मोटारीला बाळंतिणीच्या खोलीचा वास यायला लागला.

सोमवार उजाडला. मी हँडल मारलं आणि मोटारीने असा हंबरडा फोडला की पिंपळावरचे कावळे उडाले. आत नेहमीचे उतारू होते आणि माझ्या शेजारी कामरगावचे पिंजारी चाचा. थंडी पडली की गावोगाव रजया-गाद्यांचा कापूस पिंजत हिंडणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे हिवाळाभर ते रोज माझ्या मोटारीने येत. त्यांची पिंजायची धनुकली, माणसाएवढं ते धनुष्य, टपावर बांधावी लागे आणि ते स्वतः कानात कापसाचे बोळे घालून पुढच्या सीटवर बसत. एवढ्या दिवसांत मोटारीच्या रडण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटे म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं.

धनजच्या अलीकडे अर्ध्या मैलावर नाला लागतो. त्याच्या रेतीत मोटारीला जोर करावा लागे. तिने जोर केला, रडणं टिपेला गेलं, फट असा आवाज झाला आणि सगळं एकदम शांत झालं. रेडिएटरच्या तोंडातून वाफ निघायला लागली. मी उतरून बॉनेट उघडलं. पट्टा सुटून खाली रेतीत पडला होता, तेलाने माखलेला.

उतारू उतरले आणि पुन्हा ज्याचं त्याचं निदान सुरू झालं. एक म्हणाला पाणी संपलं, दुसरा म्हणाला नाल्यातली बाधा आहे. मी सगळ्यांवर ओरडलो आणि मग रेतीत बसलो. नाल्यापलीकडे धनजची झाडं दिसत होती. मला रडू फुटायच्या बेतात होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी खाली पाहत होतो.

तेवढ्यात चाचा उतरले. त्यांनी आधी एका कानातला बोळा काढला, मग दुसऱ्या कानातला, दोन्ही नीट खिशात ठेवले. पट्टा दोन बोटांत धरून उचलला आणि त्याचा वास घेतला.

"बेटा, हिले तेल कोनं पाजलं?"

"म्या."

"किती रोज?"

"बारा."

"तौबा." चाचा माझ्याशेजारी रेतीत बसले. "अरे, हे तं तांत हाय. माह्या धनुकलीची तांत, आतड्याची दोरी थे, थंडीत, दवात ढिल्ली पडते. ढिल्ली पडली का अशीच रडते. तिले सुकवा लागते, शेकवा लागते, तानून बांधा लागते. तेलाचा हात लागला तं ते अजून घसरन अन् अजून रडन. चाकाले तेल पाहिजे, पन पट्ट्याले पकड पाहिजे ना?"

बारा दिवस पऱ्हाटीची काडी कानात खुपसून मी जे ऐकू शकलो नाही, ते या माणसाला कापूस घातलेल्या कानांनी ऐकू येत होतं.

"मंग चाचा, बारा रोज माह्या बाजूले बसून राह्यले, बोलले काहून नाई?"

"तू कोनाले बोलू देतं? त्या बैलवाल्या बुढ्याचे काय हाल केले तुनं. म्या म्हनलं, आपला कापूस बरा."

सगळे उतारू हसले, आणि खरं सांगतो, मीही हसलो. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

बाजूच्या शेतात रात्रीची राखण करणारा गडी शेकोटीपाशी बसला होता. चाचांनी तिथली राख मूठ मूठ भरून पट्ट्याला चोळली, झटकली, पुन्हा चोळली. काळं तेल राखेत गोळा होऊन निघायला लागलं. मग पट्टा विस्तवावर दुरून शेकला. सुकल्यावर त्याची शिवण उसवली, दोन बोटं कातडं कापून टाकलं आणि आपल्या थैलीतली नवी तांत काढून टोकं पुन्हा शिवली. पट्टा चढवला आणि बोटाने छेडला. मान तिरकी करून ऐकलं. नाही पटलं. पुन्हा काढला, पुन्हा आवळला, पुन्हा छेडला. तिसऱ्यांदा तो टणकन बोलला तेव्हा चाचांनी मान हलवली. मी नाल्यातून पाणी आणून रेडिएटर भरला, हँडल धरलं. नमस्कार केला, शिवी मात्र त्या दिवशी दिली नाही.

मोटार सुरू झाली आणि काहीच झालं नाही. म्हणजे नुसती इंजिनाची घरघर. उतारूंना ती सुरू झाल्याचं कळलंच नाही, ते पलीकडे शेकत बसलेले. मी रस्त्यावर एक गिरकी घेतली. चाचांना मिठी मारली, त्या शेतातल्या गड्यालाही मारली, त्याचा काही संबंध नसताना. मग मोठ्या ऐटीत, टोपी तिरकी करून, गुळगुळीत आवाजात मोटार धनजला नेली.

धनजच्या पिंपळाखाली काळं कुत्रं नव्हतं.

एरवी तिथे दहा-पंधरा माणसं उभी असत. मला आधी वाटलं, उशीर झाला म्हणून लोक कंटाळून गेले. मग उजेड पडला. घड्याळ तिथे कोणाकडे होतं? गेले काही दिवस मोटार नाल्यापासून रडत यायची, ते रडणं ऐकून लोक चुलीपुढून उठत, फेटा बांधत आणि सावकाश रस्त्यावर येत. आज रडणंच नाही, म्हणजे आज मोटार नाही. सगळे आपापल्या घरी, आणि मुलीचे वडीलही घरी. भोंगा वाजवावा तर त्याचा रबरी फुगा थंडीने तडकून गेला होता, आणि एवढी रडणारी मोटार असताना भोंगा कोणाला हवा म्हणून मी तो बदलला नव्हता. बारा दिवस ज्या आवाजाच्या जिवावर उठलो होतो, तो आवाज आता हवा होता.

सोयरीक ठरायच्या आधी मुलाने आपण होऊन मुलीच्या दारात जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण सोमवार गेला असता तर दुसरा सोमवार त्यांनी दिला असता याची काय खात्री? मी गेलो. चाचांना पाठवता आलं असतं, हे मला दारात पोचल्यावर सुचलं.

दारात ती उभी होती. मला पाहून झटकन आत गेली. घरातून काहीतरी जळल्याचा वास येत होता. मला वाटलं, शेकलेल्या पट्ट्याचा वास माझ्याच अंगाला आहे, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. तिचे वडील बाजेवर बसले होते, फेटा बांधलेला, जोडे घातलेले.

"कोन?"

"मी. मोटार घेऊन आलो."

"कुठी हाय मोटार?"

"पिंपळापाशी."

"आवाज नाई आला."

"आवाज गेला."

"कोनं घालवला?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. माझा कान, माझी काडी, माझी विद्या. त्यांना कोण सांगणार होतं? पण त्या माणसाच्या डोळ्यांपुढे माझी जीभ वळली नाही, आणि आतल्या दारामागे कोणी उभं आहे हे मला माहीत होतं. तिच्याशी लग्न करायचं आणि पहिलं वाक्य खोटं बोलायचं, हे मला नको वाटलं.

"आमच्या पिंजारी चाचानं. म्या बारा रोज तेल पाजलं, त्याच्यानंच आजार वाढला होता."

"हं," ते म्हणाले. काठी घेतली आणि माझ्या मागे चालू लागले.

कारंजापर्यंत ते माझ्या आणि चाचांच्या मधे बसले. मोटार इतकी शहाण्यासारखी चालली की मलाच भीती वाटायला लागली. मी प्रत्येक दगड चुकवला, प्रत्येक खड्ड्याशी थांबलो. एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं असं उतारू पुढे कित्येक वर्षं सांगत, ते खोटं आहे. गाडी आमच्याबरोबरीने चालली होती.

कारंजाच्या अड्ड्यावर सगळे उतरले. चाचांनी धनुकली खांद्यावर टाकली, जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारली. मुलीचे वडील उतरून फेटा सारखा करत उभे राहिले. मी समोर उभा.

"मोटारीतलं मले काई समजत नाई," ते म्हणाले. "बरी चालली असन. वाईट चालली असती तरी मले थे समजलं नसतं."

मी मान खाली घातली.

"पन पोरगी आज तीन डाव दारात जाऊन आली. आवाज नाई म्हनून. पाहे अन् आत ये, पाहे अन् आत ये. दोन भाकरी जाळल्या तिनं." त्यांनी फेटा पुन्हा सारखा केला. "तिची माय गेल्यापासून चूल तिच्याच हाती हाय. तिच्या हातची भाकर आजलोक कधी जळाली नोती."

मग त्यांनी काठी उचलली. "भावाले पाठवजो," म्हणाले आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेले.

कोणी विचारलं मोटार कधी सुटते, मी म्हणालो लगेच, आणि हँडल मारून लगेच सुटलो. गाणं म्हणत, दोन्ही बाजूंच्या झाडांना रामराम करत मी दोन मैल आलो. मग लक्षात आलं की मागून खड्ड्यांबद्दल कोणीच शिव्या देत नाही. वळून पाहिलं, तर बाकं रिकामी. उतारू सगळे कारंजाच्या अड्ड्यावरच राहिले होते.